उतरता आकडा

शिरगोण्याच्या शाळेत यंत्र आलं त्या दिवशी जयवंत भुवडाच्या नशिबात गावभर मिरवायचं लिहिलं होतं. मिरवला बिचारा. चांगला चार-पाच तास मिरवला.

यंत्र म्हणजे काय, शिवणाच्या मशीनएवढा राखाडी खोका. बोटातून रक्ताचा थेंब घ्यायचा, काचेच्या पट्टीवर सोडायचा, पट्टी खोक्यात सरकवायची. अर्ध्या मिनिटात पडद्यावर आकडा. दहाच्या आत असेल तर घरी जाऊन झोपा, शंभराच्या वर असेल तर डॉक्टरांच्या टेबलाशी बसा. पाचशे वस्तीच्या गावात घरी जाऊन झोपायला कुणीच निघालं नाही. कुणाचा तीनशे दहा, कुणाचा तीनशे सत्तर. होडीवाला महादू तीनशे नव्वद. जयवंतची बायको दर्शना तीनशे अठ्ठ्याऐंशी. आधी आधी लोक परीक्षेचे मार्क विचारावेत तसे एकमेकांचे आकडे विचारत होते, हसत होते. मग डॉक्टरांच्या टेबलाशी लांबच लांब रांग लागली आणि हसणं आपोआप आटलं.

आणि जयवंतचा आकडा आला एकसष्ट.

जयवंत ग्रामपंचायतीचा पाणीवाला. चोवीस वर्षं रोज सकाळी टाकीत पावडर टाकून, हाताने चावी फिरवून गावाला पाणी सोडणारा. पाण्याला कुणी नावं ठेवलेली त्याला खपत नसत. त्यामुळे लोकांनी त्यालाच धरलं. महादू म्हणाला, "काय जयूशेठ, आमाला एक पाणी नि तुमच्या घराला दुसरंच काय?" जयवंत म्हणाला, "घरात बायकोपण आहे माझ्या. तिला काय मी समुद्राचं पाजतो?" पण मनातून गडी खूश होता. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला आपण सगळ्यांपेक्षा निरोगी आहोत हे कुणी यंत्रावर छापून दिलं तर कोण खूश होणार नाही?

आता ही सगळी भानगड कशाची, ते सांगायला हवं.

शिरगोण्याच्या वरच्या अंगाला, खाडीच्या काठावर एक कारखाना होता. बंद होऊन नऊ वर्षं झाली. तिथे एक द्रव बनायचा. त्याचं खरं नाव दोन ओळींचं, म्हणून कामगार त्याला 'नऊ नंबर' म्हणत. कागदाला लावला की तेल झिरपत नाही, कापडाला लावला की पाणी घसरून जातं, तव्याला लावला की काही चिकटत नाही. याच्या आधी जी रसायनं हेच काम करायची ती जगाने बंद केली होती, कारण ती मोडत नाहीत. कार्बन आणि फ्लोरीन यांनी एकमेकांना एकदा धरलं की ऊन, पाणी, जंतू, कुणालाही ते सोडवता येत नाहीत. ती माणसाच्या रक्तात सापडायला लागली तेव्हा आरडाओरडा झाला. मग त्यांच्या जागी नऊ नंबर आला. हा सुरक्षित, असं सगळे म्हणाले, कारण हा रक्तात सापडतच नव्हता.

का सापडत नव्हता? रक्त तपासताना लाल पेशी तळाला बसवतात आणि वरचं पिवळसर पाणी तपासतात. जुनी रसायनं त्या पाण्यात असायची. नऊ नंबर मात्र लाल पेशीच्या पातळ पडद्यात घुसून बसायचा. म्हणजे वीस वर्षं जगभरच्या प्रयोगशाळांनी पाणी तपासलं, तो ज्यात होता त्या पेशी फेकून दिल्या, आणि सगळं ठीक आहे म्हणून सही केली. शिकल्यासवरल्या माणसांची ही तऱ्हा. पेशी चार महिन्यांत मरते, पण नऊ नंबर मरत नाही. तो नव्या पेशीत जाऊन बसतो. घामातून जात नाही, लघवीतून गेला तर नावाला. दोन हजार सदतीस साली कुणीतरी पेशी फेकायच्या आधी तपासल्या, आणि दोन वर्षांत हे खोके गावोगाव फिरायला लागले.

शिरगोण्यात खोका घेऊन आली होती डॉ. ऋता केळुसकर. पस्तिशीतली बाई, बोलायला मोकळी. दुपारी गर्दी ओसरल्यावर तिने जयवंतला समोर बसवलं.

"काका, तुम्ही मधली काही वर्षं गावाबाहेर होतात का?"

"नाय. गेलो तर मिरजेला, तेपण दोन दिवस. पाणी कोण सोडणार?"

"मोठं ऑपरेशन? अपघात? खूप रक्त गेलं होतं असं काही?"

"तसं नाय," जयवंत जरा ताठ बसला. "पण मी रक्त देतो. एकतीस वेळा झालंय. माझा गट बॉम्बे आहे, डॉक्टर. दहा हजारांत एकाचा असतो."

ऋताचं पेन थांबलं. "कुणाला देता?" तिने विचारलं.

जयवंतला हा प्रश्न आवडायचा. तो सगळी कथाच सांगत बसला.

बॉम्बे गट साध्या तपासणीत 'ओ' दिसतो, पण या गटाच्या माणसाला ओ रक्तसुद्धा चालत नाही. त्याला त्याच्याच गटाचं लागतं. जयवंतचा हा गट, आणि एकाच आईबापाचे म्हणून धाकटा भाऊ उदय याचाही. सात वर्षांपूर्वी मिरजेहून फोन आला. गार्गी मगदूम, वय चार, थॅलेसेमिया. अंगात रक्त नीट बनत नाही, दर दीड महिन्याला एक पिशवी चढवावी लागते. गट बॉम्बे. एका माणसाला तीन महिन्यांनीच रक्त देता येतं. दोघे भाऊ आळीपाळीने गेले तर बरोबर दीड महिना. देवानेच हिशेब घालून दिलाय, असं तेव्हा सगळे म्हणाले. त्या दिवसापासून दोघांनी एक पाळी चुकवली नव्हती. घाट बंद असला तर कोल्हापूरवरून वळसा घालून गेले. गार्गीची आई पल्लवी एका शाळेत क्लार्क होती. नवरा सोडून गेलेला, भाऊ नाही. ती भाऊबिजेला जयवंतला ओवाळायची, दादा म्हणायची. पोर त्याला मामा म्हणायची. जयवंत-दर्शनाला मूल नव्हतं. दोनदा राहिलं आणि राहिलं नाही, मग दर्शनाची गर्भपिशवीच काढावी लागली. त्यामुळे मामा या शब्दाचं त्या घरात काय वजन होतं ते ज्याचं त्याने समजून घ्यावं.

"आता अकरा वर्षांची झालीय," जयवंत म्हणाला. "गणितात एकदम हुशार."

ऋताने समोरच्या यादीत उदयचं नाव शोधलं; त्याची तपासणी व्हायची राहिली होती. मग म्हणाली, "काका, तिचा आकडा तपासायला हवा."

"तिचा कशाला? ती कुठे इथे राहते? तिने खाडी बघितलीपण नाय."

ऋताने सांगितलं नाही. पण जयवंत रोज टाक्या भरणारा माणूस. एका टाकीतलं पाणी कमी झालं तर ते कुठल्यातरी दुसऱ्या टाकीत गेलेलं असतं, हे त्याला शिकवावं लागत नव्हतं. तो उठला, चप्पल घालायची विसरून शाळेच्या पायऱ्या उतरला, आणि गार्गीचा पत्ता द्यायला अर्ध्या वाटेतून परत आला.

आठ दिवसांनी मिरजेचा आकडा आला. चारशे बारा. शिरगोण्यातल्या कुणाहीपेक्षा जास्त.

मिरजेच्या डॉक्टरांनी त्याला आणि पल्लवीला एकत्रच बसवलं आणि कागदावर चित्र काढून समजावलं. प्रत्येक पिशवीबरोबर जयवंतचा आणि उदयचा थोडा थोडा नऊ नंबर बाहेर पडत गेला, म्हणून त्यांचे आकडे खाली राहिले. पोरीच्या अंगात मात्र नुसता येतच राहिला. तिच्या अंगातून रक्त कधी बाहेर पडलं नाही. एवढंसं अंग, दोन-सव्वादोन लिटर रक्त, आणि साठ पिशव्यांचं विष. रक्त चढवून चढवून अशा मुलांच्या यकृतात लोह साठतंच, त्याला औषध असतं. पण त्यावर हे. यकृत आताच जागोजागी कडक झालं होतं.

"हे नसतं तर ती पन्नाशी बघू शकली असती," डॉक्टर म्हणाले. "आता... असंच चालू राहिलं तर पाच वर्षं, फार तर सहा."

"धुऊन घेता येत नाही का रक्त?" पल्लवीने विचारलं. "पेशी धुतात ना?"

"धुतल्या तर पाणी जातं. हे पेशीतच आहे."

पल्लवीने मान हलवली. बाहेर व्हरांड्यात आल्यावर ती जयवंतला म्हणाली, "दादा, तुम्ही काही खाल्लंय का सकाळपासून?" तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं जयवंतला वाटलं. तो भिंतीला टेकून उभा राहिला. सात वर्षं आपण त्या पोरीला काहीतरी देतोय असं समजून तो चालत आला होता. आणि खरं पाहता तो स्वतःची घाण तिच्यात ओतत होता, वर तिच्या आईकडून ओवाळून घेत होता.

इकडे गावात वेगळंच पेटलं. रक्त दिल्याने आकडा उतरतो, हे जयवंतच्या उदाहरणावरून सगळ्यांना कळलं. मग काय विचारता. एरवी सुई बघून चक्कर येणारी माणसं रक्तदानाला धावली. मंडळांनी शिबिरं घेतली, पुढाऱ्यांनी वाढदिवसाला शिबिरं घेतली, वाढदिवस नसलेल्यांनीही घेतली. फलकावर 'रक्तदान श्रेष्ठदान' आणि खाली रांगेत उभे तीनशे सत्तर, तीनशे वीस, तीनशे चाळीस. पिशव्या गाड्यांत भरून शहरांत गेल्या. तिथे कुणाला अपघातात चढल्या, कुणाला बाळंतपणात. शहरातली माणसं चौकशी न करता जगली, आणि त्यांचे आकडे चढले. दोन महिन्यांनी सरकारने खाडीकाठच्या बत्तीस गावांचं रक्त घ्यायला बंदी घातली. तेव्हा लोक दुसऱ्या तालुक्याचा पत्ता सांगून देऊ लागले. दुर्मीळ गटापुरती सूट ठेवली होती. पिशवीवर आकडा छापायचा, आणि ज्याला चढवायचं त्याच्या पालकाने लेखी संमती द्यायची.

उदयने मात्र हात वर केले.

"मी नाय जाणार मिरजेला," तो जयवंतच्या ओटीवर बसून म्हणाला. "माहीत असून पोरीच्या अंगात विष सोडायचं? माझ्याच्याने नाय होणार."

"मग तिला रक्त कोण देणार?"

"शोधा म्हणावं. एवढा मोठा देश आहे."

देश मोठा आहे, पण बॉम्बे गटाच्या यादीत साडेचारशे नावं होती. त्यातली निम्मी वयाने बाद, आणि उरलेल्यांवर सगळ्या देशाचा डोळा. प्रयोगशाळेत वाढवलेलं रक्त परदेशात सुरू झालं होतं, पण नेहमीच्या गटांचं. साडेचारशे माणसांसाठी कोण वेगळी भट्टी लावणार?

आणि दोन आठवड्यांनी जयवंतला कळलं की उदय चिपळूणजवळच्या एका शिबिरात मेहुण्याचा पत्ता सांगून रक्त देऊन आला. साधा ओ म्हणून घेतलं त्यांनी. गार्गीच्या हक्काची पिशवी कुणा अनोळखी माणसाच्या अंगात गेली, ज्याला कुणाचंही साधं ओ रक्त चाललं असतं. जयवंतने त्याला विचारलं तेव्हा उदय खाली बघून म्हणाला, "त्याचं तोंड तर दिसत नाय ना मला." त्यानंतर दोघा भावांचं बोलणं बंद झालं.

जयवंतने ऋताला गाठलं. "माझं रक्त साफ करायचं असेल तर काय करावं लागेल? मला सरळ सांगा."

ऋताने सरळ सांगितलं. एका पिशवीबरोबर अंगातल्या विषाचा बारावा हिस्सा जातो. एकसष्टाचे दहा करायला एकवीस पिशव्या. महिन्याला एक काढून फेकली, लोहाच्या गोळ्या घेतल्या, आणि नवीन काही पोटात जाऊ दिलं नाही, तर पावणेदोन वर्षं.

"फेकलेलं रक्त जातं कुठे?"

"भट्टीत जाळतात."

"म्हणजे संपतं?"

ऋता म्हणाली, "नाही. त्या भट्टीला तेवढी आंच नसते. धुरातून जातं आणि कुठेतरी खाली येतं."

"बरं," जयवंत म्हणाला. "आणि नवीन पोटात जाऊ द्यायचं नाय म्हणजे काय? पाणी मी सोडतो. ते विहिरीचं आहे, वरच्या अंगाचं."

"तुमचं पाणी चांगलंच आहे काका. दोनदा तपासलं." ऋताने कागद काढला. तो अंगातल्या नऊ नंबरचा माग काढणारा दुसरा अहवाल होता. रसायनाचे रेणू दोन तऱ्हेचे असतात, सरळ आणि फाटे फुटलेले. पाण्यातून आलं तर दोन्हींचं प्रमाण कारखान्यातल्यासारखं. एखाद्या प्राण्याच्या अंगातून आलं तर त्या प्राण्याने ते बदललेलं असतं, आणि प्रत्येक प्राण्याची तऱ्हा निराळी. "बाकी गावाच्या अंगात सगळ्या मासळीतून थोडं थोडं गेलंय; तुमच्या दोघा भावांच्या अंगातला मात्र पाऊण हिस्सा एकाच ठिकाणाहून आलाय. खाडीतले खेकडे. एवढे खेकडे इतर कुणी खात नाही हो गावात."

जयवंतने कागदाची घडी केली आणि खिशात खोल कोंबली. हे घरी न्यायचं नाही, एवढं त्याने तिथेच ठरवलं.

कारण खेकडे त्याला आवडत म्हणून नव्हता खात. कुणाला अशक्तपणा आला, बाळंतपण झालं, ताप येऊन गेला की त्या खाडीकाठी खेकड्याचं कढण पाजतात. नांग्या पाट्यावर वाटायच्या, रस गाळून घ्यायचा, नारळाच्या दुधात उकळायचा. रक्त भरतं त्याने, अशी पिढ्यान्पिढ्यांची समजूत. आणि दर्शनाने सात वर्षं, दीर आणि नवरा दोघांना, मिरजेला जायच्या आधीचे आठ आठ दिवस, दोन वेळा ते कढण पाजलं होतं. कारखान्याखालच्या चिखलातले मोठे खेकडे ती महादूकडून मुद्दाम मागवायची, कारण तिथले भरलेले असायचे. पोरीला चांगलं रक्त जायला हवं, ही त्या बाईची एवढीशी हौस होती.

पण गाव ते. महादूच्या बायकोला ऋताने 'खेकडे बंद करा' सांगितलं, तिने नळावर सांगितलं, आणि चार दिवसांनी जयवंत घरी आला तर दर्शना मागच्या पडवीत पाट्यासमोर बसलेली. पाटा कोरडा होता.

"खरं आहे का?" तिने विचारलं.

"कोण काय बोलेल त्याच्यावर तू..."

"खरं आहे का, एवढंच सांगा."

तो तिच्याजवळ खाली बसला. "हो."

"म्हणजे तुमच्यात मी घातलं. आणि तुमच्यातून तिच्यात."

"कंपनीने घातलं, दर्शना. तू काय कंपनी काढली होतीस?"

"कंपनीने खाडीत घातलं," ती म्हणाली. "ताटात मी वाढलं. तुम्हाला नको असायचं. वास येतो म्हणायचात. मी उभी राहून प्यायला लावायची." ती रडत नव्हती. बोटांवर मोजत होती. वर्षाला आठ पाळ्या, पाळीला आठ दिवस, दिवसाला दोन वाट्या. मोजून झालं की पुन्हा पहिल्यापासून मोजायची. "दोन वेळा मी डबापण पाठवला होता तिला. तिने आवडलं म्हणून फोन केला होता. आठवतं?"

जयवंतने तिचा हात धरला, पण तो हात त्याच्या हातात नुसता पडून राहिला. तिचा स्वतःचा आकडा तीनशे अठ्ठ्याऐंशी होता. त्याचं काय करायचं हे त्या घरात कुणी कधी विचारलंच नाही. त्या दिवसापासून ती स्वयंपाक करायला घाबरू लागली. साधी भाजी टाकायची तरी पिशवीवरचं सगळं वाचायची, आणि वाचूनही ती भाजी तशीच ठेवून द्यायची. तीन-चार महिन्यांत बाई अर्धी झाली.

जयवंतने रक्त फेकायला सुरुवात केली. पल्लवीला त्याने फोनवर समजावलं, पावणेदोन वर्षं कशीतरी काढा, नंतर मी तिला स्वच्छ रक्त देतो, मरेपर्यंत देतो. यादीतल्या एका नाशिकच्या मास्तरांनी एक पिशवी दिली. बडोद्याच्या एका बाईंनी एक दिली. त्या दोन पिशव्यांनी गार्गीचे तीन महिने निघाले. जयवंतच्या तीन पिशव्या भट्टीत गेल्या. दर वेळी नळीतून पिशवी भरायला लागली की तो मान वळवून भिंतीकडे बघायचा. बॉम्बे गट, दहा हजारांत एक, आणि लाल बादलीत टाकायचा. पण आकडा उतरत होता. सत्तेचाळीसवर आला. माणसाला आशा लागायला एवढं पुरतं. तो दर्शनाला रोज सांगायचा, अजून अठरा राहिल्या, आणि ती ऐकून घ्यायची.

मग नाशिकच्या मास्तरांना कावीळ झाली. बडोद्याच्या बाईंची पाळी तिथल्याच एका बाळंतिणीसाठी लागली. यादीतली बाकीची माणसं फोन उचलेनात.

एका सोमवारी सकाळी जयवंत टाकीवरून घरी आला तर ओटीवर पल्लवी बसली होती. पहिल्या गाडीने आली होती. शिरगोण्याला ती पहिल्यांदाच येत होती. दर्शनाने तिच्यापुढे पाणी ठेवलं होतं आणि ते ती प्यायली नव्हती.

"हिमोग्लोबिन साडेचारवर आलंय, दादा," ती म्हणाली. "अकरा लागतं. काल जिना चढताना बसली ती उठेना."

"ताई, अजून कुणीतरी..."

"कुणी नाही. सगळे फोन लावून झाले." तिने पिशवीतून कागद काढला आणि त्याच्यासमोर ठेवला. संमतीचा फॉर्म. खाली तिची सही झालेली होती.

जयवंतने कागदाला हात लावला नाही. "माझा आकडा सत्तेचाळीस आहे अजून. तिच्या यकृताचं तुम्हाला माहीत आहे. मी नाय देऊ शकत, ताई. माहीत नव्हतं तेव्हाची गोष्ट वेगळी."

"मला सगळं माहीत आहे. म्हणून तर सही केली." तिचा आवाज चढला नाही. "पाच वर्षांनी काय होणार ते मला कुणी सांगू नका. ते मी तेव्हा बघीन. तिला हा आठवडा काढायचाय. तुम्ही माझ्यासमोर बसून नाही म्हणालात तर मी तिला जाऊन काय सांगू? मामांचं रक्त अजून तयार झालेलं नाही, तोवर थांब?"

दर्शना दाराशी उभी होती. ती म्हणाली, "जा तुम्ही." आणि आत गेली.

मिरजेच्या रक्तपेढीत सुई टोचायच्या आधी त्यांनी जयवंतचं हिमोग्लोबिन तपासलं. अकरा पूर्णांक सहा. नियम साडेबाराचा. तीन पिशव्या फेकल्याचा परिणाम. डॉक्टर कपाळाला हात लावून बसले. जी पिशवी आज हवी होती ती महिन्यापूर्वी भट्टीत जळली होती. शेवटी जयवंतने लिहून दिलं की माझं मी बघून घेईन, आणि त्यांनी पाऊण पिशवी घेतली. उठताना त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. तिथल्या परिचारिकेने त्याला लिंबाचं सरबत दिलं, बोटाचा थेंब घेतला आणि खोक्यात सरकवला.

"चव्वेचाळीस," ती म्हणाली. "छान उतरतोय की तुमचा."

वॉर्डात गार्गी उशीला टेकून बसली होती. ओठ पांढरे. पिशवी टांगली, थेंब पडायला लागले. पिशवीवर नव्या नियमाप्रमाणे चिठ्ठी होती, तिच्यावर काळ्या अक्षरांत सत्तेचाळीस. पल्लवी औषधं आणायला खाली गेली. जयवंत खुर्ची ओढून पोरीजवळ बसला. तिच्याकडे बघायची त्याची हिंमत होत नव्हती, म्हणून तो थेंबांकडे बघत होता.

"मामा," ती म्हणाली, "ते काय असतं मला माहीत आहे. आईने नाही सांगितलं. मी वाचलं."

जयवंतने हात वर करून पिशवीवरची चिठ्ठी उलटी केली.

"एका पिशवीला बारावा हिस्सा. म्हणजे तुमचा आता त्रेचाळीस-चव्वेचाळीस असेल ना? पाऊणच घेतली म्हणून चव्वेचाळीस."

"हो," त्याच्या तोंडून निघालं.

तिने डोळे मिटून आकडेमोड केली. त्यातही तिला दम लागला. "मला दर वेळी पूर्ण दिलीत, तर मी सोळा वर्षांची होईपर्यंत तुमचा दहाच्या आत येईल. उदयमामांनी नाही दिलं तरी येईल. मग तुम्हाला काहीच होणार नाही." ती हसली. गणित सुटल्यावर हसायची तशीच हसली. "मी मोठी झाल्यावर तुमच्यासाठी काय करणार असं तुम्ही मागे विचारलं होतंत ना. हे चालेल?"

जयवंतने तिच्या सुई टोचलेल्या हाताखाली आपला हात ठेवला. तिचा हात गार होता. हळूहळू बोटांत थोडी ऊब यायला लागली, ओठांवर थोडा रंग आला. रक्त आपलं काम करत होतं.

"मामा, चालेल ना?"

"चालेल, बाय," तो म्हणाला.

ती झोपली. पल्लवी औषधं घेऊन वर आली, तिने पोरीच्या गालाचा रंग बघितला आणि पदर तोंडाला लावून खिडकीशी जाऊन उभी राहिली. पिशवी संपायला अजून दोन तास होते. जयवंत थेंब मोजत बसून राहिला.